बंद केलेलं पान

जनरेटरवाल्या काकांकडून गोष्ट काढायची तर आधी लाइट जावी लागते. लाइट असली की हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसतो. त्या रात्री दैनिकाच्या ऑफिसातली लाइट गेली आणि परत यायचं नावच घेईना. जनरेटरने सर्व्हरची खोली आणि जिन्यातला एक बल्ब तेवढा सांभाळला. रात्रपाळीची तिघं खुर्च्या ओढत त्या बल्बाखाली येऊन बसली. त्यांतली नवी मुलगी वेबसाइटचं काम बघायला नुकतीच लागली होती. ती सहज म्हणाली, लाइट आली की साइटची उरलीसुरली जुनी सबडोमेनं आपण उडवून टाकणार आहोत. इथली म्हातारी माणसं हो-नाही करत बसतात आणि कचरा साठत जातो.

काका म्हणाले, उडव ना. पण तुझ्या आधी त्या खुर्चीवर कोण बसायचं, ठाऊक आहे का?

तिला एवढंच ठाऊक होतं की कोणी एक बाई होती आणि ती नोकरी सोडून गेली.

“का गेली ते सांगितलं नसेल कोणी,” काका म्हणाले. “या ऑफिसात कामाचं तेवढं कोणी कोणाला सांगत नाही.”

“काका, भूतबीत असेल तर आत्ताच सांगा. मला घरी एकटीला जायचंय.”

“भूत मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते शेवटी सांगतो. बाकीचं तिने सांगितलेलं आहे, आणि ती रचून सांगणाऱ्यांतली नव्हती. पाच मिनिटं गोड बोलायचं म्हटलं तरी तिला घाम फुटायचा.”

आणि काकांनी जे सांगितलं ते असं.

तिला ऑफिसात सगळे वेबवाली म्हणत. तिच्याकडे काम आलं ते साफसफाईचं. या दैनिकाची मुख्य साइट एक, पण तिच्या नावाला जोडून वर्षानुवर्षं वेगवेगळी सबडोमेनं काढलेली. एकाच घराला बाहेरून दारं पाडत जावीत तशी. निवडणुकीचं एक, परीक्षेच्या निकालांचं एक, लग्न जुळवण्याचं एक. ज्या साहेबाला जेव्हा हुक्की आली तेव्हा त्याने एक दार पाडलं, फीत कापली, फोटो काढला आणि विसरून गेला. पुढे एका रिकाम्या दारात कोणा भामट्याने जुगाराचं दुकान थाटलं. परीक्षेचा निकाल सर्च करणाऱ्या पोरांना दैनिकाच्या नावाखाली जुगाराचे पत्ते दिसायला लागले, तेव्हा कुठे संपादकांची झोप उडाली.

वेबवाली म्हणाली, हे मी येऊन पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. संपादक म्हणाले, ते असू दे, आता निस्तर.

तिने कामाची पद्धत ठरवून घेतली. जे पान कामाचं आहे त्याची वाट मुख्य साइटकडे वळवायची. जे बिनकामाचं आहे ते आधी नुसतं बंद करायचं, आणि कान देऊन बसायचं. कोणी ओरडलं, तर पुन्हा चालू. पंधरा दिवस कोणीच ओरडलं नाही, तर नावच पुसून टाकायचं. ऑफिसातल्या ज्येष्ठांना विचारत बसण्यापेक्षा हे बरं, असं तिचं म्हणणं. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, राहू दे, काय खातंय का ते.

असं करत करत ती ‘शोध’पाशी आली.

‘शोध’ हे हरवलेल्या माणसांचं सबडोमेन होतं. फोटो, वर्णन, घरचा पत्ता. शेकड्यांनी पानं. बरीचशी माणसं कधीच घरी आलेली, काही सापडून मेलेलीसुद्धा, तरी फोटो तसेच. फोन नंबर बदललेले. सर्च इंजिन बिचारं ही जुनी पानं चघळत बसायचं आणि दैनिकाच्या ताज्या बातम्यांकडे त्याचं लक्षच जायचं नाही. बंद करायला याहून योग्य जागा सापडली नसती.

फक्त त्यातलं एक पान तिच्या भावाचं होतं.

धाकटा भाऊ. घरात त्याला टिल्लू म्हणत. बाप शिंपी. आई लहानपणीच गेलेली. टिल्लू सोळाचा असताना दुकानात कोणी नसल्याचं बघून त्याने एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडाला कात्री लावली. त्याला बाबांसारखं शिवून दाखवायचं होतं. कापड वाया गेलं. बाबांनी चारचौघांत कानाखाली दिली आणि म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. असं सगळ्यांचेच बाप म्हणतात. पोरं जिन्यात जाऊन बसतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. टिल्लू आला नाही.

बारा वर्षं झाली त्याला. मधे ती चाळ पाडली गेली. त्यांचं निळ्या दाराचं घर होतं तिथे गाड्या लावायची जागा झाली. बाप-लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. बाबांनी तेव्हा दैनिकात खेपा घालून टिल्लूच्या पानावर नवा पत्ता घालून घेतला होता. त्यांचा हिशोब सरळ होता. पोरगा आलाच तर जुन्या गल्लीत येणार. तिथे घर नाही म्हटल्यावर आपलंच नाव सर्च करणार, दुसरं काय करणार? आणि आपण कुठे राहतो ते त्याला सांगणारी जगात ही एवढीच जागा आहे.

रोज रात्री जेवण झालं की बाबा फोनवर टिल्लूचं नाव घालायचे. पान उघडतंय ना बघायचे. मग झोपायचे.

हे बघून वेबवालीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घालवलं कोणी? तोंड दाखवू नकोस म्हणालं कोण? आणि आता रात्रीच्या रात्री फोन उजळून बसलंय कोण? पण हे ती मनात म्हणायची. त्या घरात टिल्लूचा विषय निघत नसे. बाबा काढत नसत, म्हणून तीही काढत नसे. तिला वाटायचं, ते पान आहे तोवर बाबा असेच कणाकणाने झिजणार. एकदा बंद झालं की चार दिवस रडतील, आणि मग निदान रडून तरी होईल.

तुम्हाला सांगतो, काका म्हणाले, तिने ते द्वेषाने केलं नाही. त्या पोरीला बापाला सोडवायचं होतं.

बंद केलेल्या पानापाशी सर्च इंजिन आलं, तर त्याला दोन उत्तरं देता येतात. एक, पान सापडत नाही. मग ते पुन्हा पुन्हा येऊन बघतं, आज नाही तर उद्या सापडेल म्हणून. दुसरं, पान गेलं, आता परत यायचं नाही. मग ते लवकर नाद सोडतं. वेबवालीने सबंध ‘शोध’साठी दुसरं उत्तर लावलं. सर्च इंजिनच्या यादीतून ही पानं काढायची विनंतीही पाठवली. ‘शोध’च्या नावावर एक ईमेलचा पत्ता होता, प्रत्येक पानाखाली छापलेला, तोही त्याच दिवशी बंद केला. काम कसं चोख.

आणि कान देऊन बसली.

पहिल्या रात्री जेवणानंतर तिने आतल्या खोलीतून पाहिलं. बाबांनी नाव घातलं. पुन्हा घातलं. चष्मा पुसला. पुन्हा घातलं. ती वाट बघत होती. आता हाक मारतील. आता विचारतील, अगं, तुमच्या ऑफिसात काय झालंय? तिचं सगळं बोलणं तयार होतं, बारा वर्षांचं.

बाबांनी फोन उशीखाली ठेवला आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी मात्र बाहेर जायला लागले. कुठे, तर पाय मोकळे करायला. यायचे ते उशिरा. तिला वाटलं, बरं झालं, माणूस घराबाहेर तरी पडला.

पंधरा दिवस कोणी ओरडलं नाही.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, वर चांगला चंद्र होता, फक्त धुकं होतं आणि थंडी कडाक्याची. असली कामं करायची ती साइटवर वर्दळ नसताना, म्हणून वेबवाली रात्री ऑफिसात थांबली. बाबांना तिने फोनवर सांगितलं, उशीर होईल. ते बरं म्हणाले. कुठून बोलताय, हे तिने विचारलं नाही.

पुसायच्या आधी तिने शेवटचं म्हणून ‘शोध’चा तक्ता उघडला. सर्च इंजिन साइटवाल्यांना असा एक तक्ता देतं. लोकांनी कोणते शब्द घातले, तेव्हा तुमचं पान समोर आलं, ते त्यात दिसतं. हा तक्ता दोन दिवस मागे चालतो. आजचं आज दिसत नाही, कितीही डोकं आपटा.

पान यादीतून गेलेलं. तक्ता रिकामा हवा होता. त्यात एक ओळ होती, रोजच्या रोज आलेली.

टिल्लू.

पानावर भावाचं खरं नाव होतं, टिल्लू हे घरातलं. म्हणजे बाबाच. खरं नाव घालून सापडत नाही म्हणून हे घालून बघतायत. तिला बापाचा राग आला, मग दया आली, मग स्वतःचा राग आला. तिने तक्ता खाली सरकवला.

निळं दार कुठे गेलं.

हे बाबा का विचारतील? ते दार बाबांनीच उतरवून दिलं होतं, चाळ पाडली तेव्हा...

ती उठली. पाणी प्यायली. परत येऊन बसली. तक्त्यात खाली आणखी एक ओळ आली होती. तिने तारीख पाहिली.

आजची.

आजची ओळ येत नाही. येऊच शकत नाही. तिने पान पुन्हा उघडून पाहिलं. ओळ होतीच.

ताई.

खोलीत पंख्यांचा आवाज. सर्व्हर चालू असतात ना, त्यांचा. बाकी काही नाही.

तिने हात मांडीवर ठेवले. कशालाच शिवली नाही. आणि तक्ता आपला आपण खाली सरकला.

ताई बाबांची पत्रं परत का येतात.

...

कुठली पत्रं? तिला कळेना. मग कळलं. तिने बंद केलेल्या ईमेल पत्त्याची नोंद उघडली. कोणी पाठवलेलं मेल दारातूनच परत गेलं की तिथे नोंद राहते. तिथे बाबांचा पत्ता होता. रोजचा. एकही दिवस सोडला नव्हता. माणूस रोज संध्याकाळी ‘शोध’ला पत्र लिहीत होता, आणि पत्र रोज परत जात होतं.

पानाखाली छापलेला, बाबांनी रोज पाहिलेला पत्ता तोच. ओरडायचं असेल तर तिथेच ओरडायचं. आणि ओरडायची जागा तिने पहिल्याच दिवशी बंद केली होती, मग कान देऊन बसली होती.

बाबांनी तिला का नाही विचारलं? तेही तिला तिथेच कळलं. दैनिकाने पान काढलं असेल तर पोरगी भांडेल आणि तिची नोकरी जाईल, ते नको. असाच विचार केला असणार. बोलून दाखवायचं नाही, हे तर त्या घराचं वळणच.

ती बाबांना फोन लावायला लागली. वाजला. वाजत राहिला.

तक्त्यात...

बाबा एकटे बसलेत.

ती उभी राहिली.

रोज बसतात.

खुर्ची मागे पडली.

थंडी आहे ताई.

...

इथे काका थांबले. जिन्यातला बल्ब जरासा मिणमिणला आणि पुन्हा लागला.

मग काका म्हणाले, मी खाली जनरेटरपाशी होतो. ती जिन्यावरून आली ती चप्पल न घालता. म्हणाली, काका, स्कूटर काढा. कुठे, ते सांगितलं नाही. वळणावर नुसता हात दाखवायची, इकडे, तिकडे. मला जुनी गल्ली माहीत होती, पण त्या वेळी ओळखू आली नाही. धुकं फार.

गाड्या लावायची जागा ती. पुढे साखळी. ती साखळीखालून गेली, मी मागून. गाड्या मोजक्याच. काचांवरून पाणी ओघळत होतं. पत्र्यावरून टपटप. पायाखालचं काँक्रीट नुसतं ओलं.

अगदी टोकाला, भिंतीपाशी, बाबा बसले होते. दाराची जागा म्हणे तीच.

पान गेलं ना. मग पोराला नवा पत्ता सांगणार कोण? म्हणून माणूस स्वतः येऊन बसत होता. संध्याकाळपासून रात्र होईपर्यंत. तो आला, तर कोणी तरी असावं.

ती पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“बाबा.”

त्यांनी मान वर केली. रडत नव्हते. चेहरा असा होता... नुकतंच कोणाशी तरी बोलणं चाललेलं असावं आणि मधेच कोणी यावं, तसा. बाजूला बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे.

“आलीस होय तू,” ते म्हणाले.

“चला घरी.”

ते हलले नाहीत.

“पान मी बंद केलं बाबा. मी. दैनिकाने नाही.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “त्याने सांगितलं.”



बाबांनी पुन्हा बाजूला पाहिलं. बराच वेळ. मग अगदी हळू, राग नाही, काही नाही, आजारी पोराला समजवावं तसं म्हणाले, “थोडी उशिरा आली असतीस तर चाललं असतं गं. तुझा आवाज आला आणि उठला तो. तुला भेटायची लाज वाटली त्याला.”

ती तिथेच खाली बसली. ओल्यात. आवाज असा काही केला नाही तिने. मी बायकांना रडताना पाहिलंय, पुरुषांनाही पाहिलंय. ते तसं नव्हतं. तिने धुक्याकडे तोंड केलं आणि त्याला घरातल्या नावाने हाक मारली. एकदाच. मग दुसरी मारायला तोंड उघडलं, आणि...

नाही जमलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, काका म्हणाले. सोमवारी तिने भावाचं पान परत उभं केलं, मुख्य साइटवर, नव्या पत्त्यासकट. सर्च इंजिनला पुन्हा नोंद घ्यायला लावली. आठवड्याभरात नाव घातलं की पहिलं तेच यायला लागलं. संपादक काही बोलले नाहीत. बोलले असते तर तिने त्यांना कच्चं खाल्लं असतं. तक्ता मात्र त्या रात्रीनंतर कोरा. ती रोज उघडून बघायची. टिल्लू नाही, निळं दार नाही, काही नाही. कोणी म्हणून ते नाव शोधेना. बाबाही नाहीत. बाबांनी फोन हातात घेणंच सोडलं. पार्किंगला जाणंही सोडलं. जेवून झोपायचे. तो तुमच्याशी काय बोलला, हे तिने एकदा विचारलं. ते म्हणाले, त्याने सांगू नको म्हटलंय. झालं. आता रात्री फोन उजळून ती बसायची. पुढे नोकरी सोडली, बाबांना घेऊन गाव सोडलं. कुठे गेली, मला पत्ता नाही.

तक्त्याचं सोडा, नवी मुलगी म्हणाली, तक्ते चुकतात. आणि म्हातारा माणूस, थंडी, एवढा एकटा, त्याला कोणीही दिसेल. तुम्ही काय पाहिलं ते सांगणार होतात.

काका म्हणाले, सांगतो.

आम्ही दोघांनी बाबांना दोन्हीकडून धरून उठवलं. ते बसले होते तिथलं काँक्रीट कोरडं होतं. ते ठीकच आहे. इतका वेळ माणूस बसला, तर खाली कोरडं राहणारच.

त्याला लागूनच, डाव्या हाताला, आणखी एक जागा कोरडी होती. बाबांच्याहून जरा अरुंद. भोवती सगळं ओलं.

पोरगी बापाला घेऊन पुढे गेली. तिने पाहिलं नाही. मी मागे थांबलो. वाकलो. हात टेकवला.

गरम होती.